ज्याचे घर यंत्रापासून दूर

(गडचिरोली येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मे महिन्यात गडचिरोलीत व्याख्यान ठेवायचे आणि वक्त्याला विषय द्यायचा किडनीचा, यात संयोजकांनी औचित्य साधले आहे. सध्या जिल्ह्यात तेंदूपत्त्याचा हंगाम चालू आहे. घरची माणसे भल्या पहाटे जंगलात जातात, ऊन चढल्यावर पानांचे ओझे डोक्यावर घेऊन परततात, मग सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बसतात आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे खरेदी केंद्रावर, नेऊन देतात. वर्षाची मोठी रोख कमाई याच पंधरवड्यात होते, म्हणून कोणी थांबत नाही. सोबत नेलेली पाण्याची बाटली आठ वाजताच संपलेली असते. अंगातले पाणी घामावाटे जाते, लघवी कमी होते, गडद पिवळी होते, जळजळते. सांध्यांना ठणका लागला की दुकानातून अंगदुखीची गोळी येते. तहानलेले शरीर आणि वर वेदनाशामक गोळी, ही जोडी किडनीला फार घातक असते.

मी नागपुरात किडनीच्या रुग्णांवर उपचार करतो. आमच्या ओपीडीत गडचिरोली आणि चंद्रपूरचे रुग्ण रोज असतात. त्यांच्याकडे पाहून जे मत बनले ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकणे सोपे जाईल. ज्याचे घर डायलिसिसच्या यंत्रापासून सर्वांत लांब, त्याला किडनी प्रत्यारोपणाची गरज सर्वांत जास्त असते. आणि माझ्या अनुभवात प्रत्यारोपणापर्यंत सर्वांत कमी पोचतो तोही हाच माणूस. असे का होते आणि ते बदलायला आपण काय करू शकतो, हा आजचा विषय.

किडनीचे काम आधी थोडक्यात सांगतो. पाठीत, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. प्रत्येकीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. दिवसभरात त्या रक्तातून जवळजवळ 180 लिटर द्रव गाळतात, त्यातले उपयोगाचे सगळे परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. शिवाय रक्तदाबाचे नियंत्रण, रक्त वाढवणारे संप्रेरक तयार करणे, हाडांसाठी ड जीवनसत्त्व कामाला लावणे, हेही त्यांच्याकडेच. निसर्गाने ही क्षमता गरजेपेक्षा बरीच जास्त दिली आहे. त्यामुळे एका किडनीवर माणूस आयुष्य काढू शकतो. पण त्याचमुळे निम्मे काम बंद पडले तरी त्याला काही कळत नाही. रक्तातले क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य वाढलेले दिसते तोवर साधारण अर्धी क्षमता गेलेली असते. पाय सुजणे, भूक मरणे, उलट्या, धाप ही लक्षणे त्याहून उशिरा येतात.

आता आपल्या जिल्ह्याची कारणे पाहू. पुस्तकात पहिली दोन कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब अशी दिलेली असतात. ती इथेही आहेतच. पण इथे आणखी काही कारणे आहेत, जी पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला क्वचित दिसतात.

पहिले कारण हिवताप. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा दरवर्षी मोठा असतो. फॅल्सिपेरम जातीचा हिवताप बळावला की तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट होते आणि दोन-चार दिवसांत किडनी बंद पडू शकते. दुसरे सर्पदंश. रोवणीच्या दिवसांत बांधीत, बांधावर पाय पडतो तो घोणसीवर. आपल्याकडे तिला परड म्हणतात. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि किडनीला थेट इजा होते. रुग्णाला आधी पुजाऱ्याकडे नेले, मग दवाखान्यात, यात जे तास जातात ते किडनीच्या खात्यातून वजा होतात. हे दोन्ही आजार अचानक येणारे आहेत. वेळेवर औषध, प्रतिविष आणि गरज पडल्यास काही दिवस डायलिसिस मिळाले तर किडनी बहुतेक वेळा पूर्ववत होते. मात्र असा रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावर तीन महिन्यांनी त्याचे क्रिएटिनिन आणि लघवी पुन्हा तपासली पाहिजे. ते होत नाही. घरी गेला म्हणजे बरा झाला, असे धरून चालतात, आणि काही जणांची किडनी त्यानंतर हळूहळू उतरत जाते.

तिसरे कारण सिकलसेल. गोंड, माडिया आणि इतरही अनेक समाजांत हा आजार आहे, इथे बसलेल्यांना तो नवा नाही. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी किडनीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सर्वांत आधी बिघडते ते लघवी घट्ट करण्याचे काम. मूल मोठे झाले तरी अंथरूण ओले करते, रात्रीतून चार वेळा उठते, आणि घरचे त्याला रागावतात. पुढे लघवीतून रक्त किंवा प्रथिने जाऊ लागतात. सिकलसेलच्या वेदना असह्य असतात, त्यामुळे डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या जातात, आणि आधीच जखमी किडनीवर त्यांचा दुसरा घाव बसतो. सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाची लघवी वर्षातून एकदा तपासावी आणि वेदनेची गोळी कोणती, किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आणि चौथे, पुस्तकातलेच पण सर्वांत मुके कारण म्हणजे रक्तदाब. जंगलातला कष्टाळू माणूस, त्याला कसला बीपी, असा आपला समज आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेतल्या संशोधकांनी याच जिल्ह्यातल्या गावांत मृत्यूंची कारणे शोधली. 2015 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या क्रमांकावर पक्षाघात निघाला, दर सात मृत्यूंमागे साधारण एक. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण रक्तदाब, आणि जो रक्तदाब मेंदूतली रक्तवाहिनी फोडतो तोच किडनीतल्या गाळण्या जाळतो. एकाच गावात एकाला झटका येतो आणि दुसऱ्याची किडनी जाते, तेव्हा ते दोन वेगळे आजार वाटतात. मूळ एक असते.

मग हे आधी ओळखायचे कसे? सुरुवातीला दोन तपासण्या पुरतात. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब, आणि लघवीत बुडवायची एक पट्टी. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल तर पट्टीचा पिवळा रंग हिरवट होतो, मिनिटभरात. ही पट्टी आणायला नागपूरला जावे लागत नाही. गरोदर बाईची लघवी तपासण्यासाठी ती उपकेंद्रात असतेच. तीच पट्टी रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, सिकलसेलच्या आणि सर्पदंशातून वाचलेल्या माणसासाठी वापरायची आहे. हे अवघड आहे असे गडचिरोलीने तरी म्हणू नये. नवजात बाळांना घरीच वाचवता येते, गावातली कमी शिकलेली बाई ते काम करू शकते, हे जगाला दाखवले याच जिल्ह्यातल्या आरोग्यदूतांनी. 1999 साली तो प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामाचा भाग झाला. ज्या हातांनी बाळाचा श्वास मोजला, त्यांना लघवीची पट्टी वाचणे जड जाणार नाही.

आता डायलिसिसकडे येऊ. डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, 1943 साली पहिले कृत्रिम किडनीचे यंत्र बनवले. सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी त्यांनी लाकडी पिंपाभोवती गुंडाळली आणि तिच्यातून रुग्णाचे रक्त फिरवले. तत्त्व आजही तेच आहे. पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त, दुसऱ्या बाजूने शुद्ध पाण्यात बनवलेले द्रावण, आणि घाण पडद्यातून पलीकडे. रक्त यंत्रात नेण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. त्यावर बोट ठेवले तर मांजर घुरघुरावे तशी थरथर लागते. ती थरथर थांबली की रुग्णाचा जीव टांगणीला लागतो, म्हणून आमचे रुग्ण सकाळी उठल्याबरोबर आधी तिथे हात लावून पाहतात. दर फेरीला जाड सुया दोन, वेळ चार तास, आणि शुद्ध केलेले पाणी सुमारे 120 लिटर. आठवड्यातून दोनदा, खरे तर तीनदा.

आता हेच भामरागडच्या माणसावर ठेवून पाहा. 2016 पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयात डायलिसिसची सोय झाली, गरिबाला पैसे पडत नाहीत, ही मोठीच गोष्ट आहे. पण भामरागडहून गडचिरोलीला यायला पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडतात. सोबत एक माणूस लागतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. पहिल्या दिवशी येणे, डायलिसिस, मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत जाणे. लगेच पुढच्या फेरीची तयारी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. दोन फेऱ्या चुकल्या की छातीत पाणी भरते आणि पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते. सिरोंच्याची माणसे गोदावरी ओलांडून तेलंगणात जातात. काही कुटुंबे गाव सोडून गडचिरोलीत किंवा नागपुरात भाड्याची खोली घेतात, बांधी पडीक ठेवून. आणि काही जण थोड्या महिन्यांनी येणेच बंद करतात. आमच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे फक्त गैरहजर एवढेच लिहिलेले असते.

यंत्रे आणखी तालुक्यांपर्यंत न्यायलाच हवीत. पण यंत्राबरोबर शुद्ध पाण्याचा संच, अखंड वीज आणि शिकलेला तंत्रज्ञही न्यावा लागतो. पोटातून करायचा डायलिसिस घरी करता येतो. त्यासाठी द्रावणाच्या पिशव्या दर महिन्याला घरपोच मिळाल्या पाहिजेत आणि घरात एक कोपरा अगदी स्वच्छ राखता आला पाहिजे. दूरच्या काही रुग्णांना तो चांगला पर्याय आहे, आणि आपल्याकडे तो फार कमी वापरला जातो. तरीही हे सगळे आयुष्यभराचे बांधलेपण आहे. त्यातून माणसाला खऱ्या अर्थाने मोकळे करणारा उपचार एकच, प्रत्यारोपण.

23 डिसेंबर 1954 रोजी अमेरिकेत बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. ते पहिले यशस्वी प्रत्यारोपण. भारतात 1971 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ते यशस्वी करून दाखवले. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात 2016 पासून प्रत्यारोपण होते. नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात, बहुधा उजवीकडे बसवतात. जुन्या बहुतेकदा तशाच राहतात. रक्तवाहिन्या जोडल्या की कित्येकदा टेबलावरच लघवीचे थेंब दिसू लागतात. वर्षानुवर्षे पाण्याचा घोट मोजून पिणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी आम्ही सांगतो, भरपूर पाणी पी. त्याला ते खरे वाटत नाही.

प्रत्यारोपण म्हणजे आजाराचा शेवट, असे मी म्हणणार नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या रोज, ठरल्या वेळी, किडनी आहे तोवर घ्याव्या लागतात. एक आठवडा चुकल्या तर शरीर परकी किडनी नाकारू शकते. प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने जंतुसंसर्गाची भीती असते, पहिले काही महिने रुग्णालयाच्या जवळ राहावे लागते. किडनी चांगली टिकली तर दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहून जास्त. पण त्या वर्षांत माणूस आपल्या गावात राहतो, महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला येतो, रोवणी करतो. वर्षाला शंभर-दीडशे फेऱ्यांच्या जागी सहा ते बारा. भामरागडच्या माणसासाठी हा हिशेब नागपूरच्या माणसापेक्षा कितीतरी मोठा आहे.

पैशांचे म्हणाल तर राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 साली ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात गडचिरोली होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि 2023 च्या शासन निर्णयाने किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. पैसा हा एकच अडसर उरलेला नाही. खरी टंचाई किडनीची आहे.

किडनी येते दोन वाटांनी. जिवंत नातलगाकडून किंवा मेंदूमृत व्यक्तीकडून. 1994 च्या कायद्याने आणि 2011 च्या दुरुस्तीने जवळचे नातेवाईक ठरवून दिले आहेत: आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, पती-पत्नी, आजी-आजोबा, नातवंडे. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदलीची सोयही कायद्यात आहे. किडनी विकत देणे-घेणे हा गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड. सावकारी कर्जापायी किडनी विकल्याच्या बातम्या आपल्या भागातूनही आल्या, तेव्हा कोणी मध्यस्थ गावात येऊन रक्कम सांगू लागला तर पोलिसांत जा. कायदेशीर दानात दात्याला एक रुपयाही मिळत नाही.

जिवंत दानाबद्दल एक गोष्ट पुरुषांना उद्देशून बोलतो. 1995 ते 2021 या काळात देशात छत्तीस हजारांहून जास्त अवयव प्रत्यारोपणे झाल्याची नोंद आहे. त्यांत एकोणतीस हजारांवर पुरुषांना अवयव मिळाले, स्त्रियांना सात हजारांच्या आत. आणि जिवंत दात्यांमध्ये मात्र बायका जास्त. नवऱ्याची किडनी गेली की बायको पुढे येते, मुलाची गेली की आई येते. बायकोची गेली तर? कमावता पुरुष कसा देणार, असे उत्तर मिळते. रोवणी, निंदणी, मोहफुले वेचणे हे सगळे करणारी बाई कमावती नाही, हे आपण कधी ठरवले?

दुसरी वाट मेंदूमृत्यूनंतरची. इथे गैरसमज फार आहेत, म्हणून सविस्तर सांगतो. अपघातात डोक्याला मार लागला किंवा रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव झाला की कधी कधी मेंदू कायमचा थांबतो, मेंदूच्या तळाशी असलेले श्वासाचे केंद्रही थांबते. छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. हृदय काही काळ धडधडत राहते, अंग गरम असते. कुटुंबाला वाटते, माणूस झोपला आहे. पण बेशुद्धी वेगळी आणि मेंदूमृत्यू वेगळा. बेशुद्धीतून माणूस परतू शकतो, मेंदूमृत्यूतून आजवर कोणी परतलेले नाही. हे ठरवायला चार डॉक्टरांची समिती लागते, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला कोणीही तिच्यात नसतो. बाहुल्या प्रकाशाला आकसतात का, घशात नळी घातली तर खोकला येतो का, हे पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि छातीकडे डोळे लावून बसतात. एक जरी श्वास आला तरी प्रक्रिया थांबते. सहा तासांनी हे सगळे पुन्हा. दोन्ही वेळा उत्तर तेच आले तरच मृत्यू जाहीर होतो, आणि त्यानंतरच घरच्यांना विचारतात. संमती मिळाली की विदर्भासाठीचे नागपूरचे विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र यादीप्रमाणे अवयव कोणाला द्यायचे ते ठरवते. पैसेवाल्याचा नंबर आधी लागतो, ही शंका मला नेहमी विचारतात. क्रम ठरतो तो रक्तगट, प्रतीक्षेचा काळ आणि वैद्यकीय निकषांवर.

एका मेंदूमृत व्यक्तीच्या दोन किडन्यांनी दोघे डायलिसिसमधून सुटतात, यकृत, हृदय, फुप्फुसे आणखी काहींना मिळतात. आपल्या देशात मरणोत्तर दाते दहा लाख लोकसंख्येमागे एकही भरत नाहीत. स्पेनमध्ये ते पन्नासच्या जवळ आहेत. स्पेनची माणसे आपल्यापेक्षा दयाळू आहेत म्हणून हे झाले नाही. तिथे रुग्णालयारुग्णालयात प्रशिक्षित समन्वयक नेमले, आणि दुःखातल्या घराशी कसे बोलायचे हे त्यांना शिकवले.

इथे आपल्या जिल्ह्याचा प्रश्न येतो. घोट किंवा कोरचीच्या घरातला तरुण अपघातात नागपूरच्या अतिदक्षता विभागात पडलेला आहे. बाहेर त्याचे वडील, काका उकिडवे बसले आहेत. त्यांच्यापुढे कोणी कागद घेऊन येतो आणि मराठीत, तीही डॉक्टरी मराठीत, बोलू लागतो. ज्यांची भाषा माडिया किंवा गोंडी आहे ते अशा वेळी नाही म्हणतात, आणि त्यांचे नाही म्हणणे योग्यच आहे. न समजलेल्या गोष्टीला होकार कोणी का द्यावा? म्हणून गोंडी-माडिया बोलणारे समन्वयक हवेत. गडचिरोलीला 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथून याच जिल्ह्याची मुले डॉक्टर, परिचारिका होऊन निघतील, तेव्हा हे काम त्यांच्याकडे यावे.

देह अर्धवट परत मिळेल, ही भीतीही खरी आहे. अवयव काढणे ही शस्त्रक्रियाच असते. टाके घालून, स्वच्छ करून देह घरच्यांच्या स्वाधीन करतात. दहन असो की दफन, सर्व विधी करता येतात. भामरागडकडच्या माडिया गावांत मृताच्या आठवणीसाठी दगड उभा करतात, त्यातही काही अडचण येत नाही. तमिळनाडूने 2023 पासून अवयवदात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार सुरू केले. आपल्याकडे गावाने मिळून असा मान दिला तर त्याचे मोल सरकारी मानाहून कमी नसेल.

आता शेवटचे. अवयवदानाचे कार्ड भरा, जरूर भरा. पण प्रत्यक्षात शेवटचा शब्द घरच्यांचा असतो. त्यांना तुमची इच्छा माहीत नसेल तर कार्ड खिशातच राहते. म्हणून घरी, जेवताना, सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट बोला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने दाखवून दिले आहे की गावातला मोठा प्रश्नही अभ्यास मंडळात बसून, सर्वांचे ऐकून, एकमताने सुटतो. जंगलाच्या हक्कासाठी तुमच्या गावात जी ग्रामसभा बसली तिच्यापुढे हा विषय ठेवा, आपल्या भाषेत ठेवा, शंका विचारा, विरोध असेल तर तोही मांडा. सक्ती कोणावर नाही.

आणि त्याच सभेत आशाताईला विचारा: तिशीच्या पुढच्या किती जणांचा रक्तदाब या वर्षी मोजला? सिकलसेलच्या किती मुलांची लघवी तपासली? उत्तर समाधानकारक नसेल तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा. प्रत्यारोपणाची गरजच पडू नये, ही किडनीची सर्वांत चांगली सेवा आहे, आणि ती तुमच्या उपकेंद्रातच होऊ शकते.